पित्तनळीतला स्टेंट: प्लास्टिकचा घ्यावा की धातूचा?

कावीळ उतरत नाही, सोनोग्राफीत पित्तनळ्या फुगलेल्या दिसतात, ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनळीवर करायचा उपचार, करायची ठरते. मग नळी मोकळी ठेवणाऱ्या स्टेंटबद्दल घरच्यांना विचारलं जातं, "प्लास्टिकचा टाकायचा की मेटलचा?" बहुतेक घरांत निर्णय खिशाकडे बघून होतो. खरं तर तो दोन गोष्टींवर व्हायला हवा: अडथळा कशाचा आहे आणि स्टेंट किती दिवस आत राहणार आहे.

प्लास्टिकचा स्टेंट म्हणजे पॉलिइथिलीनची नळी, शहाळ्याच्या स्ट्रॉपेक्षाही बारीक. नेहमी वापरतात तो 10 फ्रेंचचा, म्हणजे बाहेरून जेमतेम 3.3 मिलिमीटर. लांबी अडथळा कुठे आहे त्यावर, बहुधा 5 ते 15 सेंटिमीटर. सरळ स्टेंटच्या दोन्ही टोकांना पाकळीसारखा काप असतो, त्यामुळे तो सहसा वर-खाली सरकत नाही. दुसऱ्या प्रकारात टोकं डुकराच्या शेपटीसारखी वळलेली असतात. मोठे खडे निघत नसतील तेव्हा हा बरा. टाकायला सोपा, काढायला सोपा, काही हजारांत मिळणारा. निदान पक्कं नसताना तर हाच योग्य, कारण चूक झाली तरी तो बाहेर काढता येतो.

दोष एकच, पण मोठा: तो बुजतो. आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, त्यावर पित्ताचा साका बसतो, आतड्यातले अन्नकण उलटे चढतात. काढलेला जुना स्टेंट उभा चिरून पाहिला तर विहिरीच्या जुन्या पाइपात असतो तसा तपकिरी गाळ दिसतो. म्हणून साधारण तीन महिन्यांनी तो बदलावा किंवा काढावा लागतो. खडे काढून झाल्यावर तात्पुरता टाकलेला स्टेंट हमखास विसरला जातो, कारण कावीळ उतरलेली असते आणि पोटात काही टोचत नाही. वर्षा-दोन वर्षांनी त्याच स्टेंटभोवती नवे खडे जमलेले सापडतात. डिस्चार्ज कार्डावर काढायची तारीख नसेल तर ती लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नये.

धातूचा स्टेंट म्हणजे नायटिनॉलच्या (निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या) तारांची जाळी. आत जाताना तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या आवरणात दबलेला असतो, आवरण मागे ओढलं की स्वतःच उघडतो आणि एक-दोन दिवसांत 10 मिलिमीटरपर्यंत फुलतो. व्यास तिप्पट म्हणजे छेदाचं क्षेत्र नऊपट, म्हणूनच तो बरेच महिने टिकतो. किंमत कित्येक पटींनी जास्त, पण कर्करोगाच्या पेशंटला दर तीन महिन्यांची ईआरसीपी, मधला ताप, वाया गेलेली केमोची तारीख हे सगळं धरलं तर 'स्वस्त' प्लास्टिक महाग पडतं.

यातही दोन जाती आहेत. उघड्या जाळीतून गाठ आत वाढते आणि असा स्टेंट सहसा पुन्हा काढता येत नाही. निदान नक्की नसताना तो टाकणं चूकच. आवरण असलेल्या स्टेंटमध्ये गाठ शिरत नाही, तो काढता येतो, पण घसरतो, आणि पित्ताशयाच्या नळीचं तोंड झाकलं गेलं तर पित्ताशयाला सूज येऊ शकते.

आता कुठे काय. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या किंवा पित्तनळीच्या खालच्या भागातल्या कर्करोगात ऑपरेशन शक्य नसेल, तर धातूचाच. ऑपरेशन लवकर होणार असेल तर बऱ्याचदा स्टेंटच लागत नाही. पित्तनळीत जंतुसंसर्ग, फार चढलेलं बिलिरुबिन (काविळीचं रंगद्रव्य) किंवा आधी केमो द्यायची असेल तरच टाकावा. यकृताच्या दाराशी, जिथे डाव्या-उजव्या नळ्या मिळतात, तिथल्या गाठीत खरी कसोटी लागते: निम्म्याहून जास्त यकृताचा निचरा झाला पाहिजे, आणि ज्या फांदीत डाय (एक्स-रेत नळी दिसावी म्हणूनचं औषध) सोडला तिचा निचरा राहिला तर तिथेच पू होतो. म्हणून आधी एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय), मग स्टेंट. उलट क्रम केला की नळीची भिंत सुजते, धातूची सावली पडते आणि गाठ नेमकी किती पसरली ते वाचता येत नाही. घाईत नेमकी हीच चूक होते.

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर नळी आकसली असेल, तर एकावर न थांबता दर तीन महिन्यांनी शेजारी-शेजारी जास्त प्लास्टिक स्टेंट टाकत वर्षभर चालवतात, किंवा आवरणाचा धातूचा स्टेंट ठरावीक महिने ठेवून काढतात. आयजीजी-4 च्या आजारात (यात प्रतिकारशक्तीच बिघडून सूज येते) आकसलेली नळी हुबेहूब कर्करोगासारखी दिसते, पण स्टेरॉइडने काही आठवड्यांत मोकळी होऊ लागते. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिसमध्ये (पित्तनळ्या सुजून जागोजागी आकसण्याच्या जुनाट आजारात) फुग्याने रुंद करणं पहिलं, स्टेंट शक्यतो नाही. आणि अशी नळी अचानक जास्त आकसली तर ब्रशने पेशी तपासायलाच हव्यात, कारण या आजारात कर्करोगाचा धोका असतो. ब्रशचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे कर्करोग नाही, असं मात्र नाही.

ईआरसीपीचा मुख्य धोका स्वादुपिंडाची सूज. तो कमी करायला, ॲलर्जी किंवा किडनीची अडचण नसेल तर, गुदद्वारातून 100 मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन देतात. दिलं का, हे विचारायला लाजू नये. आधी पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघतात, कारण कावीळ जुनी असेल तर रक्त गोठायला वेळ लागतो आणि व्हिटॅमिन के द्यावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच सांगावं, स्वतःहून बंद करू नयेत.

घरी गेल्यावर थंडी वाजून ताप, पुन्हा गडद लघवी, खाज, मातीच्या रंगाची शौच यांतलं काहीही दिसलं तर स्टेंट बुजला असं धरून चालावं. तापाला रात्र काढू नये, थेट इमर्जन्सीत जावं. आणि स्टेंट उघडा राहावा म्हणून महिनोन्‌महिने लिहून दिल्या जाणाऱ्या अर्सोडीऑक्सीकोलिक ॲसिडच्या गोळ्या? त्यांनी प्लास्टिकचा स्टेंट जास्त टिकतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दुसऱ्या कारणासाठी दिल्या नसतील, तर तेवढा खर्च डॉक्टरांना विचारून वाचवता येतो.