‘कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ की ‘अपरूटेड’? आधी कुठलं वाचायचं

मोठ्यांसाठीची फँटसी रोमान्स, म्हणजे जादूच्या जगातली प्रेमकथा वाचायचीये, कुठून सुरू करू, असं कुणालाही विचारा, बहुतेक वेळा सारा जे. मासच्या ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’चं नाव पुढे येतं. इतकं गाजलंय ते की न वाचलेल्यांनाही त्यातल्या हिरोंची नावं माहीत असतात. मी पण खूप अपेक्षेने घेतलं वाचायला आणि खरं सांगते, निराशा झाली. पुस्तक टाकाऊ आहे असं अजिबात म्हणायचं नाहीये, पण ज्या प्रेमकथेसाठी ते उघडलं होतं तीच मला त्यात सगळ्यात कच्ची वाटली. त्यानंतर नाओमी नोविकचं ‘अपरूटेड’ वाचलं आणि नेमकं काय कमी पडलं होतं ते लख्ख दिसलं, म्हणून ही तुलना. शेवट फोडणार नाही, मधलं थोडंफार येईल.

दोन्ही पुस्तकं २०१५ सालची आहेत आणि गोष्टीची सुरुवात तर इतकी सारखी की बघत राहावं. साध्या घरातली मुलगी, वर्षानुवर्षं जगत आलेला एक ताकदवान जादूवाला पुरुष, तो तिला घरातून घेऊन जातो, तिला त्याच्याकडे राहावं लागतं, आणि बाहेर काहीतरी वाईट पसरत चाललंय. दोन्हीकडे गोष्ट मुलगीच सांगते. मुळं लोककथांतली, मासच्या पुस्तकाला ‘ब्युटी अँड द बीस्ट’चा आधार आहे, नोविकच्या पुस्तकाला पोलिश लोककथांचा.

मासच्या पुस्तकाची सुरुवात मला प्रचंड आवडली, हे आधी सांगते. कडाक्याची थंडी, घरात खायला काही नाही, वडील खचलेले, दोन मोठ्या बहिणी आणि सगळ्यांचं पोट धाकट्या फेयराच्या शिकारीवर. ती जंगलात एक लांडगा मारते, तो साधा लांडगा नसतो आणि त्याची भरपाई म्हणून तिला फेअरी लोकांच्या प्रदेशात, टॅमलिन नावाच्या फेअरी सरदाराच्या वाड्यात जावं लागतं. इथपर्यंत पुस्तक हातातून सुटत नाही. मग मधला मोठा भाग येतो आणि तिथे सगळं थंडावतं, म्हणजे ती फिरते, चित्रं काढते, जेवायला बसते, सगळे तिच्यापासून काहीतरी लपवतायत एवढं कळत राहतं पण घडत फारसं काही नाही. तिथल्या लोकांच्या चेहऱ्याला मुखवटे चिकटलेत, ४९ वर्षं निघतच नाहीयेत, केवढी भारी कल्पना आहे ही! पण त्यामागचा शाप काय हे शेवटी एक दासी एका बैठकीत सगळं सांगून टाकते, फेयरानं स्वतः काही शोधून काढलंच नाही आणि आपल्यालाही ती संधी मिळाली नाही.

आता प्रेमाचं. एक प्रसंग फार गोड आहे. फेयराला नीट वाचता येत नाही, तिनं न येणाऱ्या शब्दांची यादी केलेली असते, ती टॅमलिनला सापडते आणि तो त्याच शब्दांच्या चावट कविता करून तिला हसवतो. इथे पहिल्यांदा वाटतं की हो, ही दोन माणसं एकमेकांशी बोलतायत! असे प्रसंग अजून हवे होते. त्याऐवजी येतो उत्सवाच्या रात्रीचा प्रसंग, खोलीतून बाहेर येऊ नकोस असं तिला बजावलेलं असतं, ती येते, तो तिला भिंतीशी अडवतो, ती नको म्हणते तरी मानेला चावतो आणि दुसऱ्या दिवशी तू बाहेर आलीसच का असा सूर. पुस्तक हे सगळं रोमँटिक म्हणून समोर ठेवतं आणि मी तिथेच अडकले ते पुढे कितीतरी पानं टॅमलिनकडे हिरो म्हणून बघताच येईना. पुढे तिचं त्याच्यावरचं प्रेम इतकं मोठं होतं की ती जीवावर उदार होते, पण ते प्रेम कधी आणि कशातून झालं हे मला पानांवर दिसलं नाही. शाप तुटायला प्रेमाची गरज आहे म्हणून झालं असं वाटत राहिलं.

पुस्तकाचा शेवटचा एक तृतीयांश भाग मात्र वेगवान आहे. शाप देणारी ती डोंगराखालची राणी, तीन परीक्षा, आणि दुसऱ्या परीक्षेत वाचता न येण्याचा मुद्दा असा काही वापरलाय की मस्तच. एक कोडंही आहे, त्याचं उत्तर वाचकाला लगेच सुचतं आणि नायिकेला सुचता सुचत नाही, तिथे जरा चिडचिड होते.

अजून एक गोष्ट, जी कुणी आधी सांगत नाही आणि निराशेचं निम्मं कारण तीच असते. हे पुस्तक म्हणजे एका मालिकेचा पहिला भाग, आणि ते पहिल्यांदा आलं ते यंग अडल्ट, म्हणजे किशोरवयीनांसाठीचं म्हणून. २०२० मध्ये नवीन कव्हर घालून ते मोठ्यांच्या विभागात आलं. त्यामुळे आज ‘अडल्ट फँटसी रोमान्स’ समजून पहिला भाग उघडला की तो मधल्याच वयाचा वाटतो, ना पूर्ण किशोरवयीन ना पूर्ण मोठ्यांचा. स्पायसी, म्हणजे मोकळ्या प्रणयप्रसंगांचं म्हणून जे ऐकलेलं असतं ते खरं तर २०१६ च्या दुसऱ्या भागापासून वाढत जातं.

‘अपरूटेड’मध्ये दर १० वर्षांनी ड्रॅगन नावाचा जादूगार (तो माणूसच आहे, खराखुरा ड्रॅगन नाही) खोऱ्यातल्या १७ वर्षांच्या मुलींमधून एकीला आपल्या मनोऱ्यात घेऊन जातो. सगळ्यांना खात्री असते की सुंदर, धीट काशाच निवडली जाणार, आणि निवडली जाते तिची मैत्रीण अग्नेश्का, जिच्या अंगावर कपडे तासभरसुद्धा स्वच्छ राहत नाहीत. ड्रॅगन तुसडा आहे. खूप तुसडा. तिला मूर्ख म्हणतो, सतत खेकसतो, आणि वयाने शंभरीच्या पार आहे, तेव्हा हे ज्यांना मुळातच सहन होत नाही त्यांनी विचार करून घ्या. मला सुरुवातीला तो आवडलाच नव्हता.

पण मग गुलाबाचा प्रसंग येतो. तो जादूने एक गुलाब तयार करून दाखवतो, नेमका, बिनचूक, आणि तिला त्याच्या पद्धतीने काही जमत नाही म्हणून ती आपल्या पद्धतीने, गाणं गुणगुणावं तशी, त्यात आपली जादू मिसळते आणि दोघांची जादू एकात एक गुंतत जाते, फुलाचं झाड होतं, वास येतो, आणि दोघंही दचकतात कारण एकमेकांच्या इतक्या जवळ येण्याची कुणाचीच तयारी नव्हती. स्पर्शही फारसा नाही त्यात. तरी त्या दोन-चार पानांत जी ओढ आहे ती मला मासच्या पुस्तकाच्या अख्ख्या मधल्या भागात सापडली नाही. इथे जादू आणि प्रेम एकच गोष्ट आहे, एक काढलं तर दुसरं उरत नाही. मला फँटसी रोमान्समधून हेच हवं असतं आणि टॅमलिनच्या वाड्यात मी हेच शोधत होते.

शिवाय खोऱ्याला लागून असलेलं ते जंगल! माणसांना गिळणारं, झाडाच्या खोडात जिवंत माणूस कोंडणारं, हळूहळू गावं खात पुढे सरकणारं. धोका ऐकीव नाही, पहिल्या पानापासून उंबऱ्याशी आहे. आणि काशाशी असलेली मैत्री, ती तर मला प्रेमकथेपेक्षाही वरची वाटली.

उणिवा आहेत. मधे अग्नेश्का राजधानीत जाते तेव्हा ड्रॅगन मागेच राहतो, त्यामुळे पानोपानी रोमान्स पाहिजे असेल तर तिथे तुम्ही वैतागाल. मोकळेपणानं लिहिलेला प्रणयप्रसंग आहे, पण तो उशिरा येतो. शेवटाकडची लढाई लांबलीये. आणि सुरुवातीच्या भागात एक राजपुत्र तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न करतो, हे आधी माहीत असलेलं बरं. भाषाही जरा घट्ट आहे, मासचं इंग्रजी पटपट वाचून होतं, नोविकचं सावकाश वाचावं लागतं. पण एकाच पुस्तकात गोष्ट संपते आणि विज्ञानकथा-फँटसीसाठी दिलं जाणारं नेब्युला अवॉर्डही त्या वर्षीची कादंबरी म्हणून त्याला मिळालंय.

आता ‘दुसरा भाग वाच, तो खूप चांगला आहे’ या सल्ल्याबद्दल. सल्ला खोटा नाहीये. पहिल्यात ज्या गोष्टी प्रेम म्हणून खपून गेल्या त्यातल्या काहींकडे दुसऱ्या भागात वेगळ्या नजरेनं बघितलंय आणि रिसँड हा टॅमलिनशिवायचा दुसरा हिरो तिथे खरा उभा राहतो. पण त्यासाठी आधी पहिला अख्खा भाग वाचावा लागतो, आणि २०२१ पर्यंत मालिकेची पाच पुस्तकं झालीयेत. एखाद्या जगात महिनोन्महिने राहायला आवडतं, मैत्रिणी तेच वाचतायत, त्यांच्याशी गप्पा मारायच्यात, हिरो कोण यावर भांडायचंय, तर मासच घ्या, फक्त पहिल्या भागाकडे प्रस्तावना म्हणून बघा आणि दुसरा हाताशी ठेवा.

हे सगळं नको असेल, एकच पुस्तक आणि ते पूर्ण हवं असेल, तर माझं मत सरळ ‘अपरूटेड’ला. आणि मासचा पहिला भाग वाचून माझ्यासारख्याच खट्टू झाला असाल तर आधी बघा कशामुळे. वेग कमी पडला असेल तर दुसरा भाग उचला, तो पुष्कळ बरा आहे. पण दोघांमधलं प्रेमच पटलं नसेल तर मालिका बाजूला ठेवा आणि नोविक घ्या, निदान काशाला जंगलातून परत आणायचा प्रसंग येईपर्यंत तरी वाचा, तोही भिडला नाही तर खुशाल सोडून द्या.