एटीमेगा ३२८पी, बाहेरच्या १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलशिवाय: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर असा: एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपचे (आर्डुइनो ऊनोवर असते तीच) पाच सुटे बोर्ड, १६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल आणि त्याचे दोन २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर काढून टाकलेले. सगळे चिपमधल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवर (रेझिस्टर-कपॅसिटरने चिपला क्लॉक देणारं सर्किट) चालतात. दोन बोर्ड यूएसबीच्या ५ व्होल्टवर, तीन बोर्ड दोन-दोन डबल-ए सेलवर. काम साधंच: तापमान नोंदवायचं, सिरियलवर पाठवायचं, ठरल्या वेळी जागं व्हायचं. निकाल आधीच सांगतो. नीट ट्यून केला तर सिरियलसाठी हा ऑसिलेटर पुरून उरतो. घड्याळ म्हणून मात्र कितीही ट्यून केला तरी उपयोगाचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच चिपकडून हव्या असतील तर वाट आहे, ती पुढे येतेच.

आधी हिशेब. डेटाशीट कारखान्यातल्या कॅलिब्रेशनची हमी ३ व्होल्ट आणि २५ अंशांवर फक्त ±१० टक्क्यांची देतं. स्वतः कॅलिब्रेट केलं तर ७.३ ते ८.१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ±१ टक्का मिळतो. १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दिवसाला तो ८६४ सेकंद होतो, म्हणजे १४ मिनिटं २४ सेकंद. २० पीपीएमचं (दहा लाखांत २०) साधं क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंद चुकतं. म्हणून मिलिसच्या (आर्डुइनोच्या मिलिसेकंद मोजणाऱ्या फंक्शनच्या) भरवशावर रोज सकाळी सहाला मोटर लावायचा बेत असेल तर तो इथेच सोडून द्यावा.

नवी चिप येते तेव्हा तिचा लो फ्यूज (चिपच्या कायमच्या सेटिंगचा एक बाइट) हेक्स ६२ असतो: ऑसिलेटर ८ मेगाहर्ट्झचा, पण भागिले ८ चालू, म्हणून प्रत्यक्षात १ मेगाहर्ट्झ. तो ई२ केला की पूर्ण ८ मिळतात. एक सेकंदाचा डिले आठ सेकंद लागत असेल तर कोडमध्ये शोधत बसू नका, हा फ्यूज राहिलाय. आणि यूएसबीएएसपी सारखा प्रोग्रामर नव्या चिपशी बोलतच नसेल तर चिप मेली असं समजू नका. १ मेगाहर्ट्झवर एससीके (प्रोग्रामरचा क्लॉक) २५० किलोहर्ट्झच्या खाली लागतो. एव्हीआरड्यूडला (कोड चढवणाऱ्या पीसीवरच्या प्रोग्रॅमला) ‘-बी १०’ हा पर्याय दिला की वेग १०० किलोहर्ट्झवर येतो आणि चिप ओळखली जाते. फ्यूज लिहिताना चुकून बाहेरच्या क्रिस्टलची निवड गेली तर मात्र ९ नंबरच्या पिनवर कुठूनतरी क्लॉक दिल्याशिवाय ती चिप पुन्हा बोलत नाही.

मोजायचं कसं? लो फ्यूज ए२ केला की क्लॉक थेट १४ नंबरच्या पिनवर बाहेर येतो. पण ८ मेगाहर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर सगळ्यांकडे नसतो. त्यापेक्षा टायमर १ सीटीसी मोडमध्ये (ठरल्या आकड्याला पुन्हा शून्यावर येणारा) लावा, प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ८, ओसीआर१ए मध्ये तो ठरलेला आकडा ४९९, आणि ओसी१ए पिन टॉगलवर. १५ नंबरच्या पिनवर बरोबर १००० हर्ट्झ मिळायला हवेत. मीटर १०१३ दाखवत असेल तर ऑसिलेटर १.३ टक्के पुढे आहे, वेगळं गणित नको. हे माप त्याच व्होल्टेजवर घ्या ज्यावर बोर्ड पुढे चालणार आहे. यूएसबीवर ट्यून करून सेलवर लावलेल्या बोर्डांनी सुरुवातीला दिलेला त्रास बहुतेक यातूनच आला होता.

आता ऑसकॅल, म्हणजे ऑसिलेटरचा वेग जुळवायचं रजिस्टर. कारखान्यातला आकडा रीसेटच्या वेळी चिप स्वतःच इथे भरते, आणि तो तुम्ही चालत्या प्रोग्रॅममधून बदलू शकता. खालचे सात बिट बारीक फिरवायला. एका पायरीला वारंवारता साधारण अर्धा टक्का हलते, म्हणून अचूक ८.००० कधीच मिळत नाही, जवळची पायरी मिळते. सगळ्यात वरचा बिट पट्टा बदलतो, आणि दोन पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. म्हणजे हेक्स ७एफ ची वारंवारता ८० पेक्षा जास्त आहे. ० पासून २५५ पर्यंत एका लुपने शोध घेणारा कोड, किंवा बायनरी सर्च, इथे हमखास फसतो. शोध कारखान्यातल्या आकड्याच्या आजूबाजूला, त्याच पट्ट्यात ठेवा. एका फटक्यात २ टक्क्यांहून मोठी उडी मारू नका, चिप काय करेल याची खात्री नाही. एकेक पायरी चढा-उतरा, मध्ये काही नॉप (काहीच न करणाऱ्या सूचना) टाका. ८.८ मेगाहर्ट्झच्या वर नेऊन ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहू नका, कारण लिहायचा वेळही हाच ऑसिलेटर मोजतो.

सापडलेला आकडा बहुतेक जण ईईप्रॉममध्ये ठेवतात आणि सेटअपच्या पहिल्या ओळीत ऑसकॅलमध्ये भरतात. इथे एक सापळा आहे. प्रोग्रामरने नवा कोड चढवताना चिप इरेज होते, सोबत ईईप्रॉमही पुसला जातो, आणि पुसलेला बाइट वाचला की एफएफ येतो. तोच डोळे झाकून ऑसकॅलमध्ये गेला की ऑसिलेटर ८ सोडून कुठल्याकुठे वर पळतो, सिरियलवर कचरा येतो, आणि वरून सगळं कोडच्या चुकीसारखं दिसतं. दोन उपाय, दोन्ही करा. हाय फ्यूज डी९ ऐवजी डी१ ठेवा, म्हणजे इरेजमध्ये ईईप्रॉम वाचतो. आणि आकड्याशेजारी त्याचा उलटा बाइट ठेवून दोन्ही जुळले तरच भरा, नाहीतर कारखान्याचा आकडा राहू द्या.

सिरियलचं गणित थोडं निराळं आहे, कारण इथे दोन चुका एकमेकींवर चढतात. ८ मेगाहर्ट्झवर ९६०० बॉडसाठी यूबीआरआर (सिरियलचा वेग ठरवणारं रजिस्टर) ५१, ३८४०० साठी १२. दोन्हींत मूळची चूक ०.२ टक्का, ऑसिलेटरच्या चुकीला भरपूर जागा उरते. ११५२०० ला मात्र दुप्पट वेगाच्या मोडमध्ये यूबीआरआर ८ टाकला तरी चूक उणे ३.५ टक्के, ऑसिलेटर अगदी बरोबर असला तरी. आठ बिटांच्या, पॅरिटी नसलेल्या फ्रेमसाठी डेटाशीट ±२ टक्क्यांपर्यंतच जायला सांगतं, दुप्पट वेगात ±१.५. म्हणून ८ मेगाहर्ट्झवर ११५२०० कधी चालतं, कधी नाही, आणि दुपारी ऊन तापलं की अजिबात नाही.

यावरचा तोडगा फारसा कोणी वापरत नाही याचं नवल वाटतं: ऑसिलेटर ८ ऐवजी ७.३७२८ मेगाहर्ट्झला ट्यून करा. तो ७.३ ते ८.१ च्या पट्ट्यात बसतो. मग ११५२०० ला यूबीआरआर ३, ९६०० ला ४७, मूळची चूक शून्य, आणि सगळी मोकळीक ऑसिलेटरच्या हाती. फक्त आर्डुइनोच्या मूळ कोअरमध्ये (सोबत येणाऱ्या पायाभूत कोडमध्ये) एक खोट आहे. तिथे एका मायक्रोसेकंदातल्या क्लॉकची संख्या पूर्णांकात भागून काढतात, म्हणून ७.३७२८ चे ७ होतात आणि मिलिस ५.३ टक्के पुढे पळतो. मिलिस लागत नसेल तरच हा मार्ग.

ट्यून करायला संदर्भ कुठून आणायचा? आरटीसी (घड्याळाचं) मॉड्यूल पडून असेल तर डीएस३२३१ चा १ हर्ट्झचा पिन उत्तम. तो ओपन ड्रेन आहे, म्हणजे फक्त शून्याकडे ओढतो, पुल-अप रेझिस्टर विसरू नका. पीसीकडून कॅपिटल यू हे अक्षर ९६०० ला पाठवलं की पहिल्यापासून पाचव्या पडत्या कडेपर्यंत बरोबर ८ बिट, म्हणजे ८ मेगाहर्ट्झवर ६६६७ क्लॉक येतात. इनपुट कॅप्चरने (कड आली तो क्षण टिपणाऱ्या टायमरच्या सोयीने) ते मोजता येतात. मात्र यूएसबी-सिरियलच्या पट्टीवर क्रिस्टल आहे का ते आधी बघा. सीएच३४०सी मध्ये क्लॉक आतच असतो, आणि एका बिनक्रिस्टल चिपवरून दुसरी जुळवणं म्हणजे आंधळ्याने आंधळ्याचा हात धरणं. घरातल्या विजेचा ५० हर्ट्झसुद्धा चालतो, आपल्या ग्रिडचा ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ आहे, म्हणजे जास्तीत जास्त ०.२ टक्का. पण तो छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडूनच घ्या, थेट लाइनवरून नाही.

सेलवरच्या तीन बोर्डांना शेवटी ९ आणि १० नंबरच्या पिनांवर ३२.७६८ किलोहर्ट्झचं घड्याळाचं क्रिस्टल लावलं. चिप आतल्या ऑसिलेटरवर असेल तरच हे दोन पिन त्यासाठी मोकळे असतात. टायमर २ असिंक्रोनस (म्हणजे या क्रिस्टलवर चालणारा) करा, प्रीस्केलर १२८. ओव्हरफ्लो बरोबर सेकंदाला एक येतो, तेच घड्याळ. आणि टायमर २ चा एक टिक ८ मेगाहर्ट्झच्या ३१२५० क्लॉकांएवढा असतो. टिक बदलला की टायमर १ शून्यापासून सोडा, पुढच्या टिकला वाचा, ३१२५० शी ताडून बघा. एका पायरीला सुमारे दीडशेचा फरक पडतो, म्हणून फरक शंभरच्या वर गेला तरच ऑसकॅल एकाने हलवा, नाहीतर तो दोन पायऱ्यांमध्ये झुलत राहतो. काही जण प्रीस्केलर १ ठेवून २५६ टिक मोजतात, तेव्हा आकडा ६२५०० येतो. तो मोह टाळा: ऑसिलेटर ४.८ टक्क्यांहून जास्त पुढे असेल तर टायमर १ ६५५३५ ओलांडून पुन्हा शून्यावर येतो, आणि वेगवान चिप मंद दिसते. कोड तिला आणखी वर ढकलतो.

मोजताना इंटरप्ट बंद ठेवावे लागतात, त्या चार मिलिसेकंदांत मिलिसचा एखादा टिक हरवतो. वेळ टायमर २ कडूनच घेत असाल तर फरक पडत नाही. टायमर २ अडकल्याने आर्डुइनोचं टोन फंक्शन आणि टायमर २ वरचं पीडब्ल्यूएम मात्र गेलंच. क्रिस्टल सुरू व्हायला वेळ घेतं, पॉवर दिल्यावर निदान एक सेकंद थांबा. झोपायच्या आधी ओसीआर२ए मध्ये काहीतरी लिहा आणि एएसएसआर या टायमर २ च्या रजिस्टरचा बिझी बिट उतरेपर्यंत थांबा, नाहीतर चिप लगेच पुन्हा झोपली तर पुढचा इंटरप्ट येतच नाही आणि बोर्ड कायमचा झोपी जातो. महिन्यातून एकदा होणारी अशी चूक शोधायला सगळ्यात अवघड.

कपॅसिटरकडे लक्ष द्या. या चिपमध्ये टॉस्क१ (९ नंबरचा पिन) वर १८ आणि टॉस्क२ (१० नंबरचा) वर ८ पिकोफॅरड आतच आहेत. ६ पिकोफॅरडचं क्रिस्टल घेतलं तर बाहेर काहीच लागत नाही. १२.५ चं घेतलं, आणि तेच सर्रास मिळतं, तर टॉस्क१ ला ४.७ आणि टॉस्क२ ला १५ च्या आसपास लावा. काहीच न लावता ते चालतं खरं, पण पुढे पळतं. दोन्हीकडे २२ लावले तर मागे पडतं. उष्णतेचाही वाटा आहे: हे क्रिस्टल २५ अंशांपासून दूर गेलं की दोन्हीकडे मागेच पडतं, दर अंशाच्या वर्गाला ०.०३४ पीपीएम. ४५ अंशांवर ते १३.६ पीपीएम, दिवसाला सव्वा सेकंद. विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवरच्या पेटीत ४५ ही खालचीच बाजू समजायची.

वॉचडॉगच्या (चिप अडकली तर रीसेट करणाऱ्या टायमरच्या) १२८ किलोहर्ट्झच्या ऑसिलेटरबद्दल एवढंच: तो वेगळा आहे, ऑसकॅलचा त्याच्याशी संबंध नाही, आणि त्याच्या आठ सेकंदांना आठ समजू नका.

सेलवर ८ मेगाहर्ट्झ २.४ व्होल्टच्या खाली डेटाशीटच्या मर्यादेबाहेर जातं. ब्राउन-आउटच्या (व्होल्टेज घसरलं की चिप रीसेटमध्ये धरणाऱ्या सोयीच्या) पातळ्या १.८, २.७ आणि ४.३ अशाच मिळतात. १.८ ठेवली तर मधल्या पट्ट्यात चिप चालते पण भरवसा नसतो, २.७ ठेवली तर सेल अर्धे भरलेले असताना बोर्ड बंद. इथे क्लॉक निम्मा केला: सीएलकेपीआर या क्लॉक भागणाऱ्या रजिस्टरमध्ये आधी हेक्स ८०, मग चार क्लॉकांच्या आत ०१. ४ मेगाहर्ट्झ १.८ व्होल्टपर्यंत चालतं. टायमर १ चा आकडा मग १५६२५ होतो, हे विसरलं की ट्यूनिंगचा कोड ऑसकॅल वर-वर ढकलत नेतो.

उरलेली तक्रार बूटलोडरची (सिरियलवरून नवा कोड चढवून घेणाऱ्या, चिपमधल्या छोट्या प्रोग्रॅमची). ट्यून केलेला आकडा तुमचा स्केच (आर्डुइनो प्रोग्रॅम) सुरू झाल्यावरच भरला जातो, बूटलोडर तर त्याआधी कारखान्याच्या आकड्यावर चालतो. म्हणून स्केचचं सिरियल व्यवस्थित, पण अपलोड फेल, असा गोंधळ दोन बोर्डांवर दिसला. बूटलोडर ३८४०० ला बांधला की बहुतेक वेळा सुटतं. तरी नाही सुटलं तर बूटलोडर सोडून थेट आयएसपीने (प्रोग्रामर लावून) कोड चढवणं बरं. नव्याने बोर्ड करायचा असेल तर एव्हीआर डीए मालिका बघा, तिच्यात ३२.७६८ च्या क्रिस्टलवरून ऑसिलेटर आपोआप जुळवायचा बिट हार्डवेअरमध्येच आहे. ३२८पी वर वरचं सगळं हातानेच करावं लागतं.