ईजीआर व्हॉल्व तीनदा साफ केला, चूक थर्मोस्टॅटची निघाली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी बीएस-४, १.३ लिटर कॉमन रेल डिझेल. ईजीआर व्हॉल्व (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) विजेच्या मोटरवर चालणारा. वापर बहुतेक शहरातला, एका फेरीत सात-आठ किलोमीटर. तक्रार एकच, पण चिवट: चेक लाइट, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पिकअप गायब, मागे काळा धूर, आणि मध्येच लिम्प मोड (गाडी स्वतःच ताकद कमी करते). व्हॉल्व साफ केला की एरवी तीन महिने गाडी मुकाट चालायची, मग पुन्हा तेच. तीन सफाया झाल्यावर कारण सापडलं. त्यानंतर आता आठ महिने आणि साधारण नऊ हजार किलोमीटर झाले आहेत.

चेक लाइट लागला की स्कॅनरवर दोषाचा कोड दिसतो, तो उडवण्याआधी वाचा. पी०४०१ म्हणजे धूर पुरेसा परत येत नाही, वाट बुजली. पी०४०४ म्हणजे ईसीयू (इंजिनचा संगणक) सांगतो तिथे व्हॉल्व जात नाही, काजळीत चिकटला. पी०४०३ आला तर सफाई वाया. तो वायरिंगचा किंवा मोटरचा दोष, तिथे स्प्रेऐवजी मल्टिमीटर काढा. या गाडीत ०४०१ आणि ०४०४ आलटून पालटून येत होते.

व्हॉल्व नीट बसतो की नाही हे न खोलताही कळतं. इंजिन पूर्ण गरम करून आयडलला ठेवा आणि स्कॅनरवर एअरफ्लो बघा. १२४८ सीसीचं इंजिन ८५० आरपीएमला, ईजीआर बंद असताना, सेकंदाला साधारण ८ ते ९ ग्रॅम हवा ओढतं. ईजीआर उघडला की आकडा ५-६ वर येतो, कारण तेवढी जागा धुराने घेतलेली असते. आता व्हॉल्वचा प्लग काढा. स्प्रिंगने तो बंद व्हायला हवा (चेक लाइट लागेल, नंतर कोड उडवा). तरीही आकडा ६ वरच अडकला तर एकतर व्हॉल्व उघडा राहतोय किंवा एअरफ्लो सेन्सर कमी दाखवतोय. दोन्हींतला फरक ओळखायला इंजिन थंड झाल्यावर व्हॉल्वखाली पत्र्याचा तुकडा तात्पुरता घाला. आकडा वर गेला तर व्हॉल्व गळतोय, नाही गेला तर सेन्सर बघा. चाचणी संपली की पत्रा काढायचा.

तो पत्रा कायमचा ठेवा, असा सल्ला निम्मे मिस्त्री देतात. पीयूसीत डिझेलचा फक्त धूर मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत, त्यामुळे गाडी तिथे पासही होते. पण मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे फेरफार बसत नाहीत, आणि बीएस-४ च्या ईसीयूला प्रवाह दिसला नाही की ०४०१ परत येतो. म्हणजे पत्रा घालून दुखणं तिथंच.

सफाई अशी: बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन पूर्ण थंड असू द्या. प्लगची क्लिप उष्णतेने ठिसूळ झालेली असते, ओढू नका, दाबून सोडवा. व्हॉल्व काढल्यावर मोटरची बाजू वर आणि तोंड खाली धरून कार्ब क्लीनर मारा, नाहीतर द्राव शाफ्टमधून मोटरमध्ये उतरतो. दुसऱ्या सफाईनंतर आठवड्यात पुन्हा ०४०४ आला तो याच चुकीमुळे. काजळी प्लास्टिकच्या पट्टीने आणि पितळी ब्रशने काढा. बसण्याच्या कडेवर स्क्रू-ड्रायव्हर फिरवू नका. गॅस्केट नवीनच घाला. बसवल्यावर स्कॅनरने ईजीआरचं लर्निंग (व्हॉल्वची बंद स्थिती ईसीयूला नव्याने शिकवणं) करून घ्या, नाहीतर ईसीयू जुनीच बंद स्थिती धरून चालतो. आणि हाच स्प्रे एअरफ्लो सेन्सरवर मारू नका, त्याचा क्लीनर वेगळा मिळतो.

आता मूळ कारण. तिन्ही वेळा काजळी कोरडी नव्हती, ओली, डांबरासारखी चिकट होती. अशी काजळी दिसली की दोन गोष्टी तपासायच्या: तेलाची वाफ आणि थंड इंजिन, कारण दोन्हींमुळे काजळी ओली राहून चिकटते. टर्बोच्या पाइपात तेलाचा हलका थर होता, तेवढा या इंजिनांत असतोच. पण हायवेवर ८० च्या वेगाने कूलंट ६६-६८ अंशांवर रेंगाळायचं आणि ट्रॅफिकमध्ये थांबलं की ८० पर्यंत चढायचं. हवा लागली की थंड, थांबलं की गरम: ही उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटची (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची) खूण. डॅशबोर्डवरचा काटा मात्र निवांत मधे होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

घरच्या घरी ओळखायचं तर सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावा. ती बराच वेळ थंड राहून मग एकदम तापायला हवी. पहिल्या मिनिटांपासूनच हळूहळू कोमट होत असेल तर थर्मोस्टॅट काढा. या गाडीतला बाहेर काढला तेव्हा टेबलावर, साध्या हवेत, रुपयाचं नाणं सरकेल एवढा उघडा होता. त्यावर ८८ अंशांचा आकडा कोरलेला, म्हणजे तोवर तो घट्ट मिटलेला हवा.

नवा थर्मोस्टॅट नव्या ईजीआरच्या किमतीपुढे किरकोळ. कूलंट बदलताना एअर लॉक (आत अडकलेली हवा) नीट काढा, नाहीतर तापमानाचे आकडे पुन्हा फसवतात.

त्यानंतर हायवेवर ८६-८९ अंश स्थिर. कोड एकदाही नाही. नऊ हजारांवर व्हॉल्व मुद्दाम उघडून बघितला: पातळ, कोरडी, राखाडी काजळी, कापडाने पुसली गेली. अ‍ॅव्हरेजही लिटरमागे किलोमीटरभराने सुधारलं. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा पोचवणारी नळी) मात्र अजून उघडलेला नाही. आत जुना थर असणारच, आणि ते काम इंजेक्टरच्या वॉशर बदलण्याबरोबर एकदाच करायचं ठेवलं आहे.