ड्रम कोर सिम्युलेशन लीगमधली फसवणूक: पुढचा सीझन सुरू होण्याआधी वाचा

ऑनलाइन सिम्युलेशन खेळात स्वतःचा काल्पनिक ड्रम कोर किंवा मार्चिंग बँड चालवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. आमच्या लीगमधल्या बऱ्याच जणांकडून एका माणसाने सीझनभर पैसे गोळा केले आणि तो पसार झाला. कोणाचे दीडशे डॉलर गेले, कोणाचे सहाशेच्या वर. हाच माणूस दुसऱ्या नावाने तुमच्याकडे येऊ शकतो. त्याने काय केलं ते मी जरा सविस्तर सांगते, कारण बारकावे माहीत असले तरच तो ओळखू येईल.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. ड्रम कोर म्हणजे फक्त ब्रास (पितळी वाद्यं), पर्कशन (तालवाद्यं) आणि कलर गार्ड (झेंडे फिरवत नाचणारं पथक) असलेला मार्चिंग बँड. क्लॅरिनेट, बासरी यात नसते. ड्रम कोर इंटरनॅशनल ही संस्था अमेरिकेत या स्पर्धा भरवते. तिची पहिली चॅम्पियनशिप 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. आता दर ऑगस्टमध्ये फायनल्स इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होतात. कोरमधली मुलं अख्खा उन्हाळा बसने फिरतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, रोज उन्हात तालीम करतात आणि यासाठी हजारो डॉलर फी स्वतः भरतात. एकविशी-बाविशी उलटली की वयोमर्यादेमुळे बाहेर पडावं लागतं.

मी अमेरिकेत आले तेव्हा ते वय कधीच मागे पडलं होतं. इंडियानात राहिल्यावर मार्चिंग बँडपासून लांब राहणं अवघड आहे. इथल्या कार्मेल, एव्हन अशा शाळांचे बँड देशभर नावाजलेले आहेत, आणि आपल्या किती तरी मराठी घरांतली मुलं हायस्कूलच्या बँडमध्ये आहेत. माझा मुलगा कलर गार्डमध्ये होता. तो कॉलेजला गेला, पण मला लागलेली गोडी गेली नाही, आणि तिथून मी या खेळात आले. खेळात तुम्ही कोरचे डायरेक्टर असता. नाव, गणवेश, शोची कल्पना, ड्रिल (मैदानावर कोणी कुठे चालायचं याचा आराखडा), टूरचं वेळापत्रक, बजेट, सगळं तुम्ही ठरवायचं. शनिवारी रात्री शोचे गुण लागतात आणि फेब्रुवारीअखेर आमची चॅम्पियनशिप होते. लोक यात मनापासून कष्ट घेतात. आमच्यातले एक निवृत्त बँड डायरेक्टर गणवेशाची चित्रं जलरंगात काढून टाकायचे. पुण्याचा माझा भाचा तिथल्या ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. त्याने स्वतःच्या काल्पनिक कोरसाठी स्नेअर ड्रमचे भाग खरेखुरे लिहून, वाजवून, रेकॉर्ड करून पाठवले होते.

अशा जागी तो माणूस आला. आला तेव्हा त्याने कोणाकडे एक डॉलरही मागितला नाही. त्याचं ज्ञान थक्क करणारं होतं. 2000 साली ‘जी’ (G) सुरातले बिगुल सोडून इतर सुरांतली ब्रास वापरायला परवानगी मिळाली, तेव्हा कोणाचा आवाज कसा बदलला यावर तो तासभर लिहायचा. 2009 पासून सिंथेसायझर आले ते चांगलं की वाईट, यावर त्याचं ठाम मत होतं. ब्लू डेव्हिल्स या कोरने 2014 साली 99.65 गुण मिळवले त्या फायनलचा रिकॅप, म्हणजे गुणांचा तपशीलवार तक्ता, त्याला कॅप्शननिहाय (गुणांच्या एकेका विभागासह) पाठ होता. नव्या खेळाडूंना तो ड्रिल लिहायला शिकवायचा, हरलेल्यांना रात्री मेसेज करून धीर द्यायचा. आपण कोणत्या कोरमध्ये मार्च केलं हेही त्याने सांगितलं होतं. जुने फोटो टाकले होते, आणि त्या फोटोंमधल्या हेल्मेटखालचा चेहरा कोणाचाही असू शकतो.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. या छंदात माहिती हीच पत असते. ज्याला जुने शो माहीत, ज्याला रिकॅप वाचता येतो, तो आपला माणूस असं आपण धरून चालतो. पण ही सगळी माहिती आज कोणालाही चार-सहा आठवडे बसून मिळवता येते. जुने गुण जाहीर आहेत, व्हिडिओ आहेत, वर्षानुवर्षांच्या चर्चा पडलेल्या आहेत. त्याने ही मेहनत पैसे काढण्यासाठी केली होती.

लीग चालवणाऱ्या मुलीला बाळ झालं आणि तिने सूत्रं कोणाकडे तरी द्यायची ठरवली, तेव्हा अर्थातच सगळ्यांनी त्याचं नाव सुचवलं. सर्व्हरचे पासवर्ड, गुण काढणारा तक्ता, सदस्यांचे ईमेल, सगळं त्याच्या हाती गेलं. महिन्याभरात पहिली घोषणा झाली: सर्व्हर जुना झाला आहे, खेळाची नवी आवृत्ती तयार करतो आहे, त्यासाठी दीडशे डॉलरचं संस्थापक सदस्यत्व. जागा मर्यादित, रविवारपर्यंतच. पैसे झेल (Zelle) या बँक-ॲपने किंवा पेपालवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ निवडून पाठवा, नाहीतर फी कापली जाते, असं त्याने लिहिलं. भारतातल्या खेळाडूंसाठी एक यूपीआय क्यूआर कोड दिला. खात्यावरचं नाव त्याचं नव्हतं. विचारल्यावर म्हणाला, भारतातला डेव्हलपर आहे, त्यालाच द्यायचे आहेत.

पुढे एका शनिवारी भाच्याचा फोन आला. पुण्यात रविवारची सकाळ होती.

“मावशी, तू कालचा रिकॅप बघितलास का?”

“बघितला की. तुझा नंबर खाली गेला म्हणून चिडलायस का?”

“तसं नाही गं. पहिल्या आलेल्या कोरची बेरीज करून बघ. जमत नाहीये.”

आमची लीग खऱ्या स्पर्धेचीच गुणपद्धत वापरते. जनरल इफेक्टचे (शोच्या एकूण परिणामाचे) दोन कॅप्शन, प्रत्येकी 20, म्हणजे 40. व्हिज्युअलचे तीन, प्रत्येकी 20, त्यांची बेरीज करून निम्मी, म्हणजे 30. संगीताचे ब्रास, म्युझिक ॲनालिसिस आणि पर्कशन असेच निम्मे करून 30. एकूण 100. त्या कोरला जनरल इफेक्टमध्ये 18.2 आणि 18.4 होते, म्हणजे 36.6. व्हिज्युअलमध्ये 17.8, 17.6 आणि 18.0, बेरीज 53.4, निम्मे 26.7. संगीतात 18.1, 17.9 आणि 17.6, बेरीज 53.6, निम्मे 26.8. एकूण 90.1 व्हायला हवे होते. तक्त्यात 91.4 लिहिलं होतं.

भाच्याने मग मागच्या सगळ्या शनिवारांचे रिकॅप काढले. ज्यांनी संस्थापक सदस्यत्व घेतलं होतं, त्यांचीच एकूण बेरीज वाढवलेली होती. तीही थोडीथोडी, एखाद-दोन जागा वर सरकतील इतकीच. पैसे न दिलेले लोक हळूहळू खाली जात होते आणि त्यांना खाजगीत मेसेज येत होता की नव्या आवृत्तीत संस्थापक सदस्यांच्या शोला जास्त साधनं मिळतात, तुम्हीही या. लोकांनी महिनोन्‌महिने रचलेल्या शोचे गुण तो आमिष म्हणून वापरत होता. याचा मला पैशांइतकाच राग आहे.

भाच्याने हे सगळं गटात मांडलं. तासाभरात त्या माणसाचं उत्तर आलं: तक्त्यात सूत्र चुकलं होतं, दुरुस्त केलं, धन्यवाद. जुने रिकॅप त्याने बदलून टाकले. आमच्याकडे आधीचे स्क्रीनशॉट होते, पण गटातल्या अनेकांना ते भांडण नको होतं. सीझन रंगात आला होता, आणि त्याने तितक्यात दुसरा विषय काढला.

तो विषय म्हणजे फायनल्सची तिकिटं. सगळे लीगवाले ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला भेटू, गुरुवारची प्रिलिम्स, शुक्रवारची सेमीफायनल्स आणि शनिवारची फायनल्स एकत्र बसून बघू, मी पन्नास यार्डाच्या रेषेजवळचा, म्हणजे मैदानाच्या मधोमधचा, ब्लॉक घेऊन ठेवतो. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं त्यांना हे किती हवंहवंसं वाटलं असेल ते सांगायला नको. ते निवृत्त बँड डायरेक्टर दोन नातींना घेऊन येणार होते. त्यांनी तीन जणांचे पैसे भरले. प्रत्येकाला पावतीचा फोटो आला. मी आणि ओहायोतल्या एका बाईंनी आपापल्या पावत्या शेजारी ठेवून पाहिल्या. नावं वेगळी, ऑर्डर क्रमांक तोच, खरेदीची वेळही तीच. हल्ली अशा स्टेडियमची तिकिटं मोबाइलवर असतात आणि ती खात्यातून खात्यात पाठवली जातात. फोटोवर कोणी आत सोडत नाही. आम्ही दोघींनी त्याला तिकिटं आमच्या खात्यात ट्रान्सफर करायला सांगितलं. तो म्हणाला, ब्लॉक बुकिंग आहे, जुलैत उघडेल.

मे महिन्यात तो गेला. खातं बंद, सर्व्हर बंद, गुण, ड्रिल, गणवेशांची चित्रं, सगळं पुसलेलं. ज्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर प्रत ठेवली नव्हती त्यांचं अनेक वर्षांचं काम गेलं.

इथे थांबलं असतं तरी पुरे होतं. पण पंधरवड्यात आमच्यापैकी कित्येकांना ईमेल आले. आम्ही सायबर तपास करतो, तुमच्या लीगचे पैसे एका खात्यात गोठवले आहेत, सोडवण्यासाठी नव्वद डॉलर प्रोसेसिंग फी भरा. ईमेलमध्ये प्रत्येकाने नेमकी किती रक्कम भरली होती तो आकडा बरोबर होता. तो आकडा फक्त एकाच माणसाकडे होता. एकदा लुटलेल्यांची यादी दुसऱ्यांदा लुटण्यासाठी वापरतात, ही यादी विकतातही. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांचं हित पाहणारं सरकारी खातं) याबद्दल सतत सावध करत असतं. पैसे परत मिळवून देण्यासाठी जो आधी पैसे मागतो तो फसवणारा आहे, याला अपवाद नाही. बँड डायरेक्टर काकांनी ती फी भरण्याची तयारी केली होती. त्यांच्या मुलीने वेळीच मला फोन केला म्हणून ते नव्वद डॉलर वाचले.

आता पैशांचं. झेलवर समोरचा नोंदणीकृत असेल तर पाठवलेली रक्कम रद्द करता येत नाही. पेपालवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ निवडलं की खरेदीचं संरक्षण लागू होत नाही. तो फी वाचवायला सांगत होता त्यामागचं कारण हे. आमच्यातल्या ज्या दोघांनी हट्टाने क्रेडिट कार्डाने पैसे भरले, त्यांनी कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार केली आणि त्यांचे पैसे परत आले. अशी तक्रार बिलाचं स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांत करावी लागते. तिकिटांसारख्या पुढे मिळणाऱ्या वस्तूंमध्ये फसवणारे तारीख मुद्दाम लांबवतात, म्हणजे ती मुदत उलटून जाते. जुलैची वाट पाहू नका.

अमेरिकेत असाल तर एफबीआयच्या आयसी3 या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, बँकेला त्याच दिवशी फोन करा. भारतात 1930 हा हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता असते. भाच्याच्या एका मित्राला त्या माणसाने ‘पैसे परत करतो’ म्हणून क्यूआर कोड पाठवला होता. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत.

आणखी एक. डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर दिसणारं नाव आणि फोटो कोणीही उचलू शकतं. वेगळं असतं ते युजरनेम. आमचा नवा गट सुरू झाल्यावर आठवड्यातच माझ्या नावाने, माझ्या फोटोसह कोणीतरी सदस्यांना मेसेज केले आणि लॉगिनसाठी एक क्यूआर स्कॅन करायला सांगितलं. तो स्कॅन केला की तुमचं खातं त्याच्या हातात जातं. मी कोणालाही खाजगी मेसेजमधून स्कॅन करायला सांगत नाही, सांगणारही नाही.

नवी लीग उभी राहिली आहे. गुणांचा तक्ता सगळ्यांना वाचता येतो, बदल कोणी केला हे दिसतं, पासवर्ड तिघांकडे आहेत, आणि कोणतीही वर्गणी नाही. भाचा दर आठवड्याला बेरजा तपासतो, त्याने ते काम स्वतःहून मागून घेतलं. जुन्या लीगमध्ये पैसे भरलेल्या कोणी अजून आयसी3 किंवा 1930 कडे तक्रार केली नसेल तर कृपया करा, रक्कम छोटी असली तरी. वेगवेगळ्या तक्रारींत तेच खातं, तोच फोन क्रमांक आला तरच तपास करणाऱ्यांना त्या जोडता येतात. आमच्या पावत्यांचे आणि खोट्या रिकॅपचे स्क्रीनशॉट तारखेनुसार लावून ठेवले आहेत. तक्रारीला जोडण्यासाठी हवे असतील त्यांनी मला कळवावं, मी पाठवते.