जीडीबीमधला पायथन : व्हॅल्यू दाखवतो, पण कधीची?

टॉवेलवर नक्षी विणणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला उभे धागे ओढणारे हुक उचलायचे हुकूम देणारा सी प्रोग्राम सांभाळणं, हे माझं पोटापाण्याचं काम. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टॉवेलची बॉर्डर मधूनच एका पिकानं, म्हणजे एका आडव्या धाग्यानं, सरकायची. पिक मोजणारा काउंटर कुठेतरी दोनदा वाढतोय, असा माझा संशय. ओळीओळीवर थांबून हातानं प्रिंट मारून बोटं दुखली, म्हणून जीडीबीतला, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावू देणाऱ्या डीबगरमधला, पायथन पहिल्यांदा नीट हातात घेतला. सोय 2009 च्या 7.0 पासून आहे; मला जाग आली ती आता, उबुंटू 22.04 वरच्या 12 व्या आवृत्तीत.

सुरुवात झकास. पार्स_अँड_इव्हॅलला व्हेरिएबलचं नाव द्या, जीडीबी.व्हॅल्यू मिळते. स्ट्रक्ट (अनेक फील्डांचा गठ्ठा) असेल तर चौकटी कंसात फील्डचं नाव टाकायचं, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) असेल तर त्या पत्त्यावरचा माल आणायला डीरेफरन्स. पॉइंटरमध्ये 1 मिळवला की पुढचा घटक, अगदी सीसारखं. नसलेलं फील्ड मागितलं तर असा मेंबरच नाही म्हणून तिथल्या तिथे सुनावतो.

मग फसले. काउंटर वाढतो त्याच ओळीवर थांबायचं, 'आधी'मध्ये काउंटर घ्यायचा, नेक्स्ट (एक ओळ पुढे) चालवायचं, 'नंतर'मध्ये परत घ्यायचा, शेवटी दोन्ही छापायचे. एवढीशी स्क्रिप्ट. उत्तर आलं 119 आणि 119. पुन्हा चालवली, 120 आणि 120. मे महिना, लाइट गेलेली, पंखा बंद, आणि वाढणारा काउंटर वाढतच नाही म्हणे! तासभर मी माझ्याच प्रोग्रामला शिव्या देत होते.

दोष प्रोग्रामचा नव्हता. 'आधी' घेतली तेव्हा जीडीबीनं मेमरीतून काही उचललंच नव्हतं. काय आणि कुठून आणायचं एवढंच टिपून ठेवलं होतं. किराणावाल्याच्या वहीत नाव लिहिलंय, माल अजून दुकानातच. आकडा उचलला तो छापताना, तोवर नेक्स्ट होऊन गेलेलं. इज_लेझी, म्हणजे व्हॅल्यू अजून आणायची बाकी आहे का, विचारलं तर ट्रू. प्रोग्राम पहिल्यापासून चालवून, घेतल्या घेतल्या फेच_लेझी केलं (आत्ताच आण म्हटलं) आणि लगेच 118, 119. त्यानंतर खरा घोळ सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत: सेन्सरचा एकच इशारा दोन फंक्शनं मोजत होती.

खात्रीसाठी मुद्दाम खोडी काढली. शून्य पत्त्यावरचा इंट मागितला. निमूट दिला! त्यात 1 मिळवायला गेले तेव्हा कुठे मेमरीएरर. तेव्हा एरर झेलणारा ट्राय-एक्सेप्ट लावायचा तो व्हॅल्यू वापरता त्या ओळीला. घेता त्या ओळीला लावून काही हाती लागत नाही. मॅन्युअलमध्ये हे लिहिलंय, मान्य. पण छापील रूपात लेझी व्हॅल्यू नेहमीसारखीच दिसते, तिथं फसगत होते.

दुसरा धडा आपल्या मराठीनं दिला. डिझाइनचं नाव ठरावीक लांबीच्या कॅरेक्टर अ‍ॅरेत असतं, शेवटी शून्य असेलच असं नाही, म्हणून स्ट्रिंग मेथडला लांबी सांगावी लागते. नाव होतं 'सोलापूर'. आपण मोजतो चार अक्षरं, युनिकोड मोजतं सात, आणि यूटीएफ-8 मध्ये बाइट होतात एकवीस. मी हुशारीनं 7 दिले. युनिकोड डीकोड एरर. कॅरेक्टर अ‍ॅरेसाठी ही लांबी बाइटात असते. एरर्सला रिप्लेस दिलं तर 'सो' आणि पुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन. 21 दिल्यावर गाव पूर्ण आलं.

हुकांचा अ‍ॅरे छापताना 200 नंतर टिंबं येतात, ती मूळ मर्यादा आहे. फॉरमॅट_स्ट्रिंगला मॅक्स_एलिमेंट्स 0 द्या. ओ-टू (वेग वाढवायचा पर्याय) लावून कंपाइल केलेल्या प्रोग्राममध्ये काही व्हेरिएबल गायबच असतात. इज_ऑप्टिमाइझ्ड_आउट आधी विचारून घेतलेलं बरं.

एक गोष्ट मात्र चालू मशीनवर करू नका. फंक्शनची व्हॅल्यू घेऊन तिला पायथनमधूनच कंस लावून हाक मारता येते, आणि ते फंक्शन खरंच त्या प्रोग्राममध्ये चालतं. मी टेबलावरच्या सिम्युलेटरवर हुक उचलणाऱ्या फंक्शनला हाक मारली तर त्यानं इमानदारीत हुक उचलले. खऱ्या लूमवर (मागावर) असते तर माग सांभाळणाऱ्या जॉबर अण्णांनी मला दारातून आत घेतलं नसतं.

पाचपैकी चार. एक गुण त्या तासाचा कापला. दुरुस्ती बसवायला गेले तेव्हा अण्णांनी शेंगाचटणी-भाकरीचा डबा पुढे सरकवत विचारलं, "काय ताई, सापडलं का?" म्हटलं, "सापडलं अण्णा, दोघं मिळून एकच पिक मोजत होते." अण्णा म्हणाले, "आमच्याकडे हजेरीत बी असंच होतंय की!"