कासान (लिनक्स कर्नलमध्ये मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस) वापरून बघितला, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी नक्की लावा

एका यूएसबी डिव्हाइसचा ड्रायव्हर लिहीत होतो आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) दोन-तीन दिवसांतून एकदा पडायचाच, कधी फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये तर कधी नेटवर्कच्या, माझ्या ड्रायव्हरचं नाव कुठेच नाही, त्यामुळे तीन आठवडे मी भलतीकडेच शोधत बसलो. शेवटी टीममधला एक सीनियर म्हणाला, अरे आधी कासान लावून तर बघ.

लिनक्सच्या कर्नलमध्ये 2015 पासून, म्हणजे 4.0 व्हर्जनपासून आहे हा. वेगळं काही डाउनलोड करायचं नाही, कॉन्फिगमध्ये चालू करायचं आणि कर्नल परत बिल्ड करायचा. बूट केलं, डेटा चालू असतानाच केबल उपटली, आणि डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, लगेच रिपोर्ट आला, यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी परत वापरली!

रिपोर्ट खरंच सुंदर असतो, त्यात तीन स्टॅक, म्हणजे कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याच्या याद्या. चुकीचं रायटिंग कुठे झालं (माझा वर्क हँडलर, मागाहून चालणारं काम), ती मेमरी घेतली कुणी (प्रोब, डिव्हाइस जोडल्यावर चालणारं फंक्शन), सोडली कुणी (डिस्कनेक्ट, काढल्यावर चालणारं). खाली शॅडो बाइट्सच्या (कुठली मेमरी वापरायला चालेल याची कासानची नोंद) ओळी, त्यात एफबी एफबी एफबी, म्हणजे सोडून दिलेला ऑब्जेक्ट. मी डिस्कनेक्टमध्ये सरळ केफ्री करत होतो, म्हणजे मेमरी सोडून देत होतो, आणि हँडलर अजून चालूच होता, तो त्याच जागेत स्टेटस लिहायचा आणि तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दिलेली असायची, म्हणून पडायचं तिसरंच काहीतरी. केफ्रीच्या आधी कॅन्सल वर्क सिंकची (काम रद्द करून ते पूर्ण थांबेपर्यंत वाट बघणारी) एक ओळ टाकली, बग गेला. आणि हा नुसता क्रॅश नाहीये हे लक्षात घ्या, त्या मोकळ्या जागेत कुणी मुद्दाम स्वतःला हवा तो ऑब्जेक्ट आणून बसवला तर माझा ड्रायव्हर त्यात लिहिणार, आणि तिथून रूटपर्यंत, म्हणजे मशीनच्या पूर्ण ताब्यापर्यंत, जाता येतं.

आतून काम कसं करतो तर दर 8 बाइटमागे 1 शॅडो बाइट ठेवतो, आणि कंपायलर मेमरीला हात लावायच्या आधी तपासणी घालतो. सोडलेली मेमरी लगेच परत वाटत नाही, काही वेळ क्वारंटाइनमध्ये ठेवतो, म्हणून तर माझी चोरी पकडली गेली.

आता तक्रारी. मशीन चांगलंच स्लो होतं, एक अष्टमांश मेमरी शॅडोतच जाते, वर रेडझोन (ऑब्जेक्टच्या कडेला सोडलेली राखीव जागा) आणि क्वारंटाइनचा खर्च वेगळा. पहिला रिपोर्ट दिला की डीफॉल्टने गप्प बसतो, पुढचेही हवे असतील तर बूटला मल्टी शॉटचा पर्याय द्या (मला हे उशिरा कळलं). जो कोड चाललाच नाही त्यातलं काही कळत नाही, म्हणून सोबत सिझकॉलरसारखा फझर (कर्नलला आपोआप वेडेवाकडे इनपुट देत राहणारं टूल) हवाच. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे डीएमए (हार्डवेअरने सीपीयूला वगळून थेट मेमरी वापरणं), हार्डवेअरने थेट चुकीच्या जागी लिहिलं तर कासानला पत्ताच लागत नाही, कारण तपासणी फक्त सीपीयूच्या कोडमध्ये असते, आणि ड्रायव्हरवाल्यांना नेमकं तेच नडतं.

चालू सर्व्हरवर हा लावू नका, तिथे केफेन्स (कर्नलमधलाच दुसरा, हलका तपासनीस) बरा, 5.12 पासून आहे, मोजक्याच अलोकेशनवर (मेमरी वाटपावर) नजर ठेवतो म्हणून ओझं जाणवत नाही. टेस्ट मशीनवर मात्र आता कासानशिवाय मी ड्रायव्हर लोडच करत नाही, आणि केबल निदान पन्नास वेळा उपटतो.