शांत किनारा दाखवतो म्हणाला

गेल्या डिसेंबरात आम्ही मुंबई-गोवा क्रूझने गेलो होतो. मी, हे, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. त्या प्रवासातल्या एका दिवसात आमचे १९,००० रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण ज्या पाण्यात मी मुलाला उतरवायला निघाले होते ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. क्रूझ बंदराला लागते त्या दिवसासाठी असंच काही ठरवणारे बरेच जण असतील, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

जहाज सकाळी ८ ला गोव्यातल्या मुरगाव बंदराला लागणार होतं आणि संध्याकाळी ५ ला सुटणार होतं. ४ वाजेपर्यंत सगळ्यांनी परत चढायचं. मुलाला मासे बघायचे होते, पाण्यात तोंड घालून, स्नॉर्कलिंग करून. गोव्यातली गर्दी आम्हाला नको होती. त्यात आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी ती मुंबईहून बोटीने यायची, बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे लहान होडीतून, माणसं धक्क्याला आणायचे, हे मी तिच्याकडून शंभरदा ऐकलंय. तिला पुन्हा समुद्रावरून तिच्या किनाऱ्यावर न्यावं, असंही मनात होतं.

मोबाइलवर शोधताना एक पान दिसलं. ‘सिंधुदुर्गातला शांत, खासगी स्नॉर्कलिंग बीच, क्रूझच्या प्रवाशांसाठी खास एक दिवसाची सहल.’ निळंशार पाणी, प्रवाळ आणि त्यातून डोकावणारा पांढऱ्या पट्ट्यांचा केशरी मासा असा फोटो. फोन केला तर समोरचा माणूस मालवणी वळणाचं मराठी बोलणारा. ‘ताई, आपलेच समजा. तुमच्या आई वेंगुर्ल्याच्या? मग तर तुम्ही घरच्याच.’ इथेच मी सैल पडले. परक्या भाषेत बोलणाऱ्याला मी दहा प्रश्न विचारले असते, याला तीनच विचारले.

बंदरापासून किती लांब? सव्वा तास. किनारा कुठला? ‘निवतीच्या बाजूला, नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर गर्दी होते.’ पैसे? माणशी ३,५००, चौघांचे १४,०००, सगळे आगाऊ. मग त्याने स्वतःहून विचारलं, ‘ताई, जहाजावर परत कितीला चढायचं आहे तेवढं नीट सांगा, म्हणजे आम्हाला तुमची काळजी घेता येईल.’ मला हे फार जबाबदारीचं वाटलं. मी प्रवासाचं वेळापत्रकच फोटो काढून पाठवलं.

नकाशा उघडून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. मुरगावहून निवती सव्वा तासात होत नाही. झुआरी पूल, पणजी, म्हापसा, पेडणे, मग हद्द ओलांडून सिंधुदुर्ग. मालवण तर त्याहूनही पुढे. खरं स्नॉर्कलिंग जिथे चालतं ते मालवणात, १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचं बांधकाम सुरू झालं त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडपांत, म्हणजे पाण्यातल्या खडकांत. तिथल्या समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला तो उगीच नाही. पण जाऊन-येऊन सात तास मोडले तर तिथे बघायचं काय आणि परतायचं कधी? मालवण मुक्कामाला जायचं ठिकाण आहे. जहाजाच्या एका दिवसात ते बसवणारा माणूस एकतर नकाशा न बघितलेला असतो किंवा फसवत असतो.

त्या दिवशी दत्तजयंती होती. सकाळी डेकवर उभं राहून आई म्हणाली, ‘आज पौर्णिमा. उधाण असणार हो.’ तिच्या घरी भरतीचं गणित तोंडी करायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती, तीही उधाणाची. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा भरती-ओहोटीत फरक कमी आणि पाण्याचा जोरही कमी. दिवस ठरवताना हे कुणी बघत नाही, आम्हीही बघितलं नाही. जहाजाची तारीख आपल्या हातात नसते हे खरं, पण त्या दिवशी पाण्यात उतरायचं की नाही हे आपल्या हातात असतं.

गाडी साडेआठला येणार होती, ती नऊ वाजून गेल्यावर आली. बंदराच्या दारात येणार नाही, ड्रायव्हर म्हणाला. ‘इथले टॅक्सीवाले त्रास देतात, जरा पुढच्या वळणापर्यंत चालत या.’ आई गुडघेदुखीची, ती तशीच उन्हातून चालली. गाडी एमएच-०७ची, पांढऱ्या पाटीची. भाड्याने चालणाऱ्या गाडीला पिवळी पाटी लागते आणि खासगी गाडी भाड्याने फिरवणं बेकायदा आहे, अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो, हे यांना माहीत होतं. यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चला आता, उशीर होतोय.

तेरेखोल ओलांडून शिरोड्यात शिरायलाच अकरा वाजले. आरवलीला वेतोबाच्या देवळावरून जाताना आईने गाडीतूनच हात जोडले. निवती अजून पुष्कळ पुढे होती, पण गाडी मोचेमाडच्या खाडीच्या बाजूला वळली आणि सुरूच्या झाडांत थांबली. ड्रायव्हर म्हणाला, ‘हाच तो बीच.’

किनारा सुंदर होता, यात खोटं काही सांगत नाही. लांबच लांब पांढरी वाळू, चिटपाखरू नाही. आणि स्नॉर्कलिंगला तेवढाच निरुपयोगी. मासे बघायला खडक लागतो, प्रवाळ लागतं, पाणी स्थिर आणि स्वच्छ लागतं. मोकळ्या वाळूच्या किनाऱ्यावर लाट फुटते, वाळू ढवळते आणि हातभर अंतरावरचं दिसत नाही. त्यात जवळ खाडीचं तोंड. भरतीला पाणी आत ओढलं जातं, ओहोटीला गाळ घेऊन बाहेर येतं. समोर चहाच्या रंगाचं पाणी उसळत होतं.

दोन तरुण एका पिशवीतून सामान घेऊन आले. मुलाला दिलेला मास्क मी हातात घेतला. रबर कडक झालेलं, कडेने मिठाचा पांढरा थर, पट्टा तुटलेला आणि निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेला. तोंडात धरायच्या नळीच्या टोकाला आधीच्या कुणाच्या तरी दातांच्या खुणा. लाइफ जॅकेट दोनच, एकाची चाप निखळलेली. मुलगा इतका आतुर होता की तो मास्क तसाच लावून गुडघाभर पाण्यात गेला, वाकला, आणि वर येऊन म्हणाला, ‘आई, काहीच दिसत नाही गं. नुसतं तपकिरी आहे.’

मग खरा डाव सुरू झाला. ‘मासे खाडीच्या तोंडाशी, त्या बाजूच्या खडपाकडे. होडीने जावं लागेल. २,५०० होडीचे वेगळे.’ मासेमारीची फायबरची होडी, तिच्यावर ना नंबर ना किती माणसं बसवायची त्याची पाटी. मी खरंच पाकिटाला हात घातला होता. एवढं लांब आलोय, पोराचा चेहरा पडलाय, अडीच हजारांकडे कशाला बघायचं, असं मनात चाललं होतं.

थोड्या अंतरावर रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, जाळी सुकत घातली होती. तिथे बसलेले एक म्हातारे उठून आले आणि आईला म्हणाले, ‘वयनी, खंयसून इलात?’ आईने सांगितलं. तिची मालवणी ऐकून ते जवळच टेकले. ‘ह्या पाण्यात काय बघतलात? हंय मासो जाळ्यात गावता, डोळ्यांक दिसना नाय. आज उधाण आसा. पोराक खाडयेच्या तोंडार धाडू नकात, पाण्याक ओढ आसा.’ ते दोघे तरुण मध्ये बोलायला लागले, तर म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. आईने मुलाचा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. आमच्या घरात त्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण देवापुढे दिवा लावताना मी त्यांची आठवण काढते.

मे २०२२ मध्ये, २४ तारखेला, तारकर्लीच्या समुद्रात २० पर्यटकांना घेऊन येणारी बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. वाचून हळहळले होते आणि विसरले होते.

साडेबारा वाजत आले होते. परत चला म्हटल्यावर ड्रायव्हर गाडीला टेकून उभा राहिला. ‘पॅकेज इथपर्यंतचं होतं. परतीचं भाडं ६,०००.’ मी फोनवरच्या माणसाला फोन लावला, तो लागेना. हे चिडले, आवाज चढला. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, ‘साहेब, चारला गेट बंद होणार तुमचं. इथून दुसरी गाडी कधी मिळेल ते बघा.’

त्या क्षणी मला सगळं कळलं. आमची वेळ त्याला पाठ होती, कारण मीच पाठवली होती. जहाज कुणासाठी थांबत नाही. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर ते वाट बघतात, आपण परस्पर ठरवलेल्या गाडीची बघत नाहीत. सामान, आईची औषधं, सगळं वर केबिनमध्ये. आणि मला हवा होता तो शांत किनारा त्यांनी अगदी नेमका निवडला होता. गर्दी नाही, म्हणजे दुकान नाही, रिक्षा नाही, जीवरक्षक नाही आणि साक्षीदारही नाही. रापणीवाले आजोबा सोबत होते, पण त्यांच्याकडे गाडी कुठली असणार? घासाघीस करून ५,००० वर तुटलं. तेही यूपीआयने त्याला नको होते, रोख हवे होते. आईने तिच्या बटव्यातले दोन हजार काढून दिले तेव्हा मला तिच्याकडे बघवलं नाही.

पावणेचारला आम्ही बंदराच्या दारात पोहोचलो. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुण्याचं एक कुटुंब भेटलं. ते सकाळी बायणा किनाऱ्यावरून बोटीने ग्रांदे बेटाकडे गेले होते. बेट मुरगावच्या समोरच्याच समुद्रात. पाणी फार स्वच्छ नव्हतं म्हणाले, पण खडकाजवळ पट्टेरी मासे दिसले आणि दोनच्या आत सगळे परत जहाजावर होते. बोगमाळ्याचा किनाराही बंदरापासून जवळच आहे. म्हणजे मुलाला जे हवं होतं ते जहाजाच्या उंबऱ्यावर होतं आणि मी त्याला दोन राज्यांमधून फिरवून आणलं.

घरी आल्यावर भाच्याने त्या फोटोचा उलटा शोध घेतला, म्हणजे तो फोटो टाकून नेटवर आणखी कुठे आहे ते शोधलं. मिनिटभरात सापडला, अंदमानच्या एका पानावरचा. तुम्ही पैसे देण्याआधी हे करा, मोबाइलवर फुकट होतं. किनाऱ्याचं नाव सांगत नसेल त्याला एक रुपयाही पाठवू नका. नाव कळलं की नकाशात उपग्रहाचं चित्र उघडून बघा, पाण्याजवळ काळा खडक दिसतो की नुसती वाळू, नदी-खाडीचं तोंड किती जवळ आहे. जायला लागणारा वेळ दुप्पट करा, त्यात दोन तास राखीव ठेवा, आणि मग उरलेल्या वेळात समुद्रात उतरणं होतं का ते ठरवा. गाडीचं भाडं जाऊन-येऊन आहे हे मेसेजमध्ये लिहून घ्या आणि अर्ध्याहून जास्त पैसे परत पोहोचल्याशिवाय देऊ नका. महाराष्ट्रात प्रवासी बोटींना मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते. बोटीवर नंबर आणि माणसांची मर्यादा लिहिलेली नसेल तर मुलाचा चेहरा कितीही पडू दे, बसू नका. आणि जहाजाची वेळ कुणी खोदून विचारली तर खरी वेळ सांगू नका, दीड तास अलीकडची सांगा.

तक्रारीचं सांगायचं तर, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर मी घरी पोहोचल्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवशी फोन केला. तो लगेच करायला हवा होता, पैसे पुढे सरकायच्या आत. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, वेगळी तक्रार दिली आहे. मेसेज, पैसे पाठवल्याच्या नोंदी, गाडीच्या पाटीचा यांनी काढलेला फोटो, सगळं जोडलं आहे. रोख दिलेल्या ५,००० चा पुरावा मात्र काहीच नाही. अजून एक रुपया परत आलेला नाही.

ते पान महिन्याभरात बंद झालं. गेल्या आठवड्यात भाच्याने दुसऱ्या नावाचं पान दाखवलं, तोच केशरी मासा, तीच सव्वा तासाची सहल. त्याने गिऱ्हाईक म्हणून मेसेज टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘नमस्कार दादा, आपलेच समजा. जहाजावर परत कितीला चढायचं आहे?’